सुट्टीवर आलेल्या पोरापोरींचं बेसुमार पिणं कमी करायचं तर तिथल्या लोकांनी काय करायचं

नुसत्या पोस्टरवर आणि भाषणांवर पैसे घालवू नका, खरंच. घरापासून लांब, ओळखीचं कोणी नाही, सकाळी उठायची घाई नाही, वर मित्रांत मागे पडायचं नाही, अशा वेळी पोस्टर वाचतंय कोण.

आधी बारवाले आणि हॉटेलवाल्यांना एकत्र बसवा. खरी मेख ऑफरमध्ये आहे. शरीर तासाला साधारण एकच ड्रिंक पचवतं आणि हॅपी अवरमध्ये पोरं वेळ संपायच्या आत चार-चार रिचवतात, मग चढणार नाही तर काय! स्पेनच्या बालेआरिक बेटांवर 2020 मध्ये मागालुफसारख्या पार्टीच्या भागांत हॅपी अवर आणि एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरवणाऱ्या टूर कायद्यानेच बंद केल्या. तुमच्याकडे कायदा नसला तरी एवढं ठरवून घ्या की एकावर एक फ्री बंद, पिण्याचं पाणी फुकट आणि मागायच्या आधी टेबलावर, किचन उशिरापर्यंत चालू. एकच बार ऐकतो आणि शेजारचा ऐकत नाही असं झालं तर सगळं फिसकटतं, म्हणून सगळ्यांची सही एकाच कागदावर घ्या.

मग रात्रीची टीम. ऑस्ट्रेलियात शाळा संपल्यावर पोरं स्कूलीज नावाच्या पार्टीच्या सुट्टीला जातात, तिथे रेड फ्रॉग्स या संस्थेचे व्हॉलंटिअर 1997 पासून पाणी देतात, पॅनकेक करून खायला घालतात, रूमपर्यंत चालत सोडतात. लेक्चर नाही, म्हणून पोरं स्वतःहून हाक मारतात. हे मला सगळ्यात पटतं. टीममध्ये तरुण मुलं-मुली दोन्ही हवेत, जोडीनेच फिरायचं, आणि स्वतः एक थेंबही घ्यायचा नाही.

फूटपाथवर कोणी मान टाकून बसलेलं दिसलं तर उभ्याने प्रश्न विचारू नका, बाजूला खाली बसा, नाव विचारा, नीट बोलत असेल तर पाण्याचे छोटे छोटे घोट द्या, मित्रांना फोन लावून घ्या. हलवून, हाका मारूनही उठत नसेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त गॅप असेल तर लगेच ॲम्ब्युलन्स. तोवर कुशीवर झोपवा, उताणं नको, कारण उलटी श्वासनलिकेत जाते. कॉफी, गार पाण्याची अंघोळ याने दारू उतरत नाही. आणि "झोपू दे, सकाळी ठीक होईल" म्हणत एकट्याला रूममध्ये सोडून यायचं नाही, कारण शेवटचा पेग पोटात असतोच आणि झोपेतही चढतच राहतो.

पोलीस आणि दवाखान्याशी सीझनच्या आधीच बोलून ठेवा. मदत मागणाऱ्या पोरांना आधी उपचार मिळतील, दमदाटी होणार नाही, हे त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. पोरं मित्राला लपवतात ती याच भीतीने.