जबडा दुखतो तेव्हा आधी दुखण्याचे मूळ शोधावे

जबडा दुखू लागला की आपण लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरतो. परंतु दुखण्याचे मूळ दर वेळी दातातच असते असे नाही. छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ यांच्यासोबत जबडा दुखू लागल्यास तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, म्हणून शेक देत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तसे काही नसेल तर आरशासमोर बसून कानाच्या पुढे, पाळीच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना बोटे ठेवावीत आणि तोंड सावकाश उघडावे. बोटांखाली सांधा सरकतो. तेथेच दुखत असेल, 'कट्' असा आवाज येत असेल आणि सकाळी उठल्यावर कानशिले जड वाटत असतील, तर झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हे घरच्यांना विचारावे. नुसता आवाज येतो, दुखत मात्र नाही, अशा वेळी उपचाराची गरज नसते.

सांध्याच्या दुखण्याला सर्वांत मोठे औषध विश्रांती हेच आहे. काही आठवडे मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असा आहार घ्यावा, ऊस सोलून खाणे आणि च्युइंगम टाळावे, जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे कोमट शेक घ्यावा. दिवसभरात वरचे व खालचे दात एकमेकांना टेकलेले आढळले, तर ते लगेच सोडवावेत. ओठ मिटलेले, दात मोकळे, हीच जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. एवढ्याने उतार पडला नाही तर दंतवैद्य रात्री दातांवर घालायचे मापाचे आवरण बनवून देतात. दात कायमचे घासून चाव बदलण्याची घाई मात्र कोणी सुचवली तरी करू नये, कारण घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

गरम-थंड लागताच कळ येणे, ठणका, हिरडीवर फोड ही दाढेची लक्षणे होत. नुसत्या अँटिबायोटिकने ठणका थांबला तरी मूळ तसेच राहते. त्यासाठी रूट कॅनाल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते. जबड्याखाली सूज येऊन ताप चढला, गिळताना किंवा श्वास घेताना अडू लागले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून दुखणे आणि कानशिलात नवी डोकेदुखी सुरू होणे यांमागे रक्तवाहिनीचा दाह असू शकतो, त्यात दृष्टी जाण्याचा धोका असल्याने तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

सुपारी, मावा, खर्रा किंवा गुटखा खाणाऱ्यांनी आपली तीन बोटे उभी करून तोंडात शिरतात का, हे पाहावे. दोनच शिरत असतील, तिखटाने आग होत असेल आणि गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागत असेल, तर तो सुपारीने होणारा आणि पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारा आजार असण्याची शक्यता मोठी आहे. तंबाखू नसलेली सुपारीही त्याला पुरेशी ठरते. अशा वेळी सुपारी त्याच दिवशी बंद करून मुखरोगतज्ज्ञांना दाखवावे.