उत्खननातली हाडं: चाळणीपासून नोंदवहीपर्यंत

हाडांच्या अभ्यासाचं अर्धं यश चाळणीवरच ठरतं. खणताना नजरेला पडतील तेवढीच हाडं उचलली, तर गुरांची मोठी हाडं हाती लागतात. मासे, पक्षी, उंदीर मातीच्या ढिगाऱ्यात जातात. मग ‘इथले लोक मासे खात नव्हते’ असा खोटाच निष्कर्ष निघतो. म्हणून सगळी माती ४-५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. शिवाय प्रत्येक थरातली ठरावीक माती, समजा २० लिटर, १ मिलिमीटरच्या जाळीवर पाण्याने धुवा.

प्रत्येक पिशवीत स्थळ, खड्डा, थर, जमिनीपासूनची खोली आणि तारखेची चिठ्ठी हवी. ती पेन्सिलीने लिहा; शाई ओलीने पसरते. थराची नोंद हरवलेलं हाड कितीही अखंड असलं तरी फारसं उपयोगाचं राहत नाही.

टणक हाडं साध्या पाण्यात मऊ टूथब्रशने धुवा, भिजत घालू नका. सावलीत वाळवा; उन्हात भेगा पडून पापुद्रे सुटतात. जळकी आणि भुसभुशीत हाडं कोरड्या कुंचल्यानेच साफ करा. कार्बन कालमापन किंवा डीएनएसाठीचे नमुने आधीच बाजूला काढा: हातमोजे घालून, न धुता, अॅल्युमिनियमच्या कागदात. अशा तुकड्यांना फेव्हिकॉल लावाल तर गोंदातला कार्बन तारीख बिघडवतो.

आता ओळख. आधी हाड कोणतं, मग डावं की उजवं, मग प्राणी. शेजारी आजच्या प्राण्यांचे सांगाडे ठेवा, नुसत्या चित्रांवर भागत नाही. शेळी आणि मेंढी भल्याभल्यांना चकवतात. पुढच्या पायाची खुरावरची नळी शेळीत साधारण आखूड-रुंद, मेंढीत लांब-सडपातळ असते. शिंगाच्या आतलं हाडही मदतीला येतं. फासळीच्या तुकड्यावरून मात्र सांगता येत नाही. तिथे ‘शेळी/मेंढी’ एवढंच लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

तुकड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. मेंढीच्या दंडाच्या हाडाची खालची टोकं डावी ७ आणि उजवी ५ मिळाली, तर मेंढ्या किमान ७. तुकड्यांची संख्या आणि किमान प्राणी, दोन्ही आकडे नोंदवा. बैलाचं एक हाड फुटून पाच तुकडे होतात, त्यामुळे नुसत्या तुकड्यांवर विसंबलं की गुरं फुगतात.

वय सांध्यांवर कळतं. कोवळ्या जनावराच्या हाडाचं टोक सुटं असतं, वाढीबरोबर ते जुळतं. गुरांत दंडाच्या हाडाचं खालचं टोक साधारण १२-१८ महिन्यांत जुळतं, खुरावरच्या नळीचं २-२½ वर्षांत, मांडीच्या हाडाचं ३½-४ वर्षांत. म्हणजे मांडीचं टोक जुळलेलं असेल तर ते जनावर चांगलं वाढू दिलेलं होतं: नांगराला, दुधाला किंवा वीणीसाठी. कोवळी हाडं जमिनीत लवकर विरतात, म्हणून जबड्यातल्या दातांची झीजही पडताळा.

खुणा बघायला दिवा बाजूने, तिरपा धरा आणि १० पट भिंग वापरा. सुरीचा घाव बारीक असून खाली निमुळता होतो आणि बहुधा सांध्याजवळ सापडतो. उंदराच्या दातांचे चर जोडीजोडीने, सपाट तळाचे असतात. मुळांच्या रेषा नागमोडी. कुदळीचा ताजा घाव आतून फिकट दिसतो. या बाकीच्या खुणा सुरीचे घाव समजून मोजल्या, तर उंदराने कुरतडलेलं हाडही खाटकाच्या खात्यावर जमा होतं.

पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली बालकं मिळाली. अशा ठिकाणी सुट्या टोकांची इवली हाडं कोकराची समजून पिशवीत टाकू नका, आधी मानवी हाडांच्या तज्ज्ञाला दाखवा. तिथे उत्तर जोर्वे काळात, म्हणजे त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, शेती आटून शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भर वाढला, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. असं काही म्हणायचं असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही काळांची माती सारख्याच चाळणीने चाळलेली असायला हवी.

न ओळखलेले तुकडे टाकून देऊ नका. थरानुसार मोजा, वजन करा, वेगळ्या पिशवीत ठेवा.