कुत्र्यासाठी घरी चिकन-भाज्यांची बिस्किटं करताना या चुका टाळा

घरच्या कुत्र्यासाठी चिकन आणि भाज्या घालून बिस्किटं करणं अवघड नाही. तरीही तक्रारी ठरलेल्या असतात: तिसऱ्या दिवशी डब्यात बुरशी आली, ट्रेवरून उचलतानाच चुरा झाला, कडा करपल्या आणि आत ओलं राहिलं, कुत्र्याला जुलाब झाले. यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण हा खाऊ भाजतो, पण वाळवत नाही. नानकटाई भाजली की काम संपतं, कारण तिच्यात पाणी जवळपास नसतंच. चिकनच्या वजनात मात्र तीन चतुर्थांश पाणी असतं आणि गाजरात नव्वद टक्क्यांच्या आसपास. एवढं पाणी अर्ध्या तासाच्या भाजण्यात जात नाही.

पण त्याआधी जी चूक जिवावर बेतू शकते ती बघू.

उरलेलं अळणी चिकन वापरणं

घरात चिकन शिजत असतंच, तर मसाला घालण्याआधी चार फोडी बाजूला काढू, हा विचार अगदी स्वाभाविक आहे. अडचण अशी की आपलं अळणी म्हणजे बिनमसाल्याचं, बिनकांद्याचं नव्हे. बहुतेक घरांत चिकन किंवा मटण शिजायला टाकतानाच तेलावर कांदा परतलेला असतो, आलं-लसणाची पेस्ट, हळद, मीठ लावलेलं असतं. तो रस फोडींत पूर्ण मुरतो. कांदा काढून टाकला तरी उपयोग नाही.

कांदा, लसूण, पातीचा कांदा यांतल्या गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. शिजवून, भाजून किंवा वाळवून हा गुण जात नाही. उलट कांद्याची किंवा लसणाची पूड वजनाच्या मानाने जास्त तीव्र असते. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात ठळक बिघाड दिसू लागतो. तीन किलोच्या पॉमेरेनियनसाठी हा हिशेब एका मध्यम कांद्याच्या अर्ध्यावर येतो. एकदम एवढा गेला नाही, पण रोज थोडा थोडा जात राहिला तरी नुकसान होतं. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत. हिरड्या फिक्या पडणं, दम लागणं, लघवी गडद तांबूस होणं हे सगळं तीन-चार दिवसांनी सुरू होतं. तोवर आपण काय खायला घातलं होतं हे विसरलेलो असतो.

म्हणून कुत्र्याच्या खाऊचं चिकन वेगळं, नुसत्या पाण्यात उकडून किंवा कच्चंच खिमा करून वापरायचं. सूपचे तयार क्यूब नकोत, त्यांत मीठ तर असतंच, शिवाय कांदा-लसणाची पूडही असते. वाटणासाठी वापरलेलं मिक्सरचं भांडं असेल तर झाकणाची रबरी रिंग काढून धुवा. एवढ्याशा अंशाने विषबाधा होत नाही, पण धुवायला वेळही लागत नाही.

बाकी वर्ज्य वस्तू थोडक्यात: मनुका, बेदाणे आणि द्राक्षं (कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते), चॉकलेट आणि कोको, जायफळ, मॅकाडेमिया नट्स. चिंचेबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ती आपल्या स्वयंपाकात सहज असते. द्राक्षांतल्या ज्या टार्टारिक आम्लावर आता संशय आहे ते चिंचेत भरपूर असतं, आणि केक करणाऱ्यांकडच्या क्रीम ऑफ टार्टरमध्येही. त्यामुळे दोन्ही लांब ठेवा. पीनट बटर घालणार असाल तर डब्यावरची यादी वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) किंवा बर्च शुगर (त्याचंच दुसरं नाव) असं लिहिलेलं दिसलं तर तो डबा कुत्र्यासाठी नाही. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर कधी कधी अर्ध्या तासातच कोसळते आणि पुढे यकृतावर जाऊ शकतं.

असं काही पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका. मिठाचीच विषबाधा होऊ शकते. काय, किती आणि कधी खाल्लं हे लिहून घ्या आणि सरळ डॉक्टरांना फोन करा.

दुकानातला तयार खिमा

चिकनच्या दुकानात तयार ठेवलेल्या खिम्यात कातडी, चरबी आणि बरगडीच्या बारीक काड्या येऊ शकतात. शिजलेलं आणि वाळलेलं हाड कुत्र्याच्या आतड्यासाठी धोक्याचं असतं, त्याच्या टोकदार काचा होतात. चरबीचा त्रास दोन प्रकारचा. जास्त चरबीने काही कुत्र्यांना स्वादुपिंडाला सूज येते, आणि खाऊ लवकर खवट होतो, कारण चरबी वाळत नाही. बोनलेस ब्रेस्ट घ्या, कातडी काढायला सांगा आणि समोर खिमा करून घ्या. घरी आल्यावर तो ताटात पसरून बोटांनी एकदा चाचपून बघा. टोचलेलं लगेच कळतं.

कलेजी कुत्र्यांना फार आवडते आणि वास छान सुटतो, म्हणून सगळा खाऊ कलेजीचाच करायचा मोह होतो. तसं करू नका. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं आणि ते शरीरात साठत जातं. पाव किलो चिकनमध्ये एखादी कोंबडीची कलेजी पुरे, वासासाठी तेवढी भरपूर आहे.

भाजीचं पाणी तसंच पिठात जाणं

ज्याचं पीठ हाताला चिकटतं तो आणखी पीठ घालतो. मग खाऊ पिठाचाच होतो आणि मांसाचा फक्त वास राहतो. पीठ वाढवण्याऐवजी भाजीचं पाणी कमी करा. गाजर बारीक किसणीवर किसून पातळ फडक्यात घट्ट पिळा. लाल भोपळा वाफवून कुस्करला की तो सैल होतो, म्हणून कढईत मंद आचेवर तेल न घालता परतत राहा, चमचा फिरवला की कढईचा तळ दिसायला हवा. रताळं उकडून कुस्करलं तरी बरंच कोरडं असतं, त्यामुळे नवख्या माणसाने रताळ्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. फरसबी आणि मटार वाफवून अगदी बारीक करा. मटारचा अख्खा दाणा बिस्किटात राहिला तर त्याच्याभोवती ओलावा अडकतो आणि बुरशी बरोबर तिथूनच धरते.

दुधी घालायचा असेल तर आधी चिमूटभर चाखा, कडू लागला तर फेकून द्या. मक्याचा बुरकुंडा, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, चुकूनही देऊ नका, तो आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची पाळी येते.

भाजलं म्हणजे झालं असं समजणं

मी ज्या मापाने करते ते सांगते, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. पाव किलो चिकन खिमा, पिळलेलं गाजर 100 ग्रॅम, ज्वारीचं पीठ आणि ओट्सचं पीठ मिळून 250 ग्रॅम, एक अंडं. मीठ, साखर, तेल, बेकिंग पावडर काहीच नाही. सगळं मिळून साधारण 650 ग्रॅमचा गोळा होतो. यात कोरडा भाग 310 ग्रॅमच्या आसपास असतो, बाकी पाणी. नीट वाळलेला खाऊ 350 ग्रॅमच्या आत यायला हवा. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर ट्रेसकट आधी आणि नंतर वजन करा. 650 चं 500 झालं असेल तर रंग कितीही सोनेरी दिसो, तो खाऊ ओला आहे.

काम दोन टप्प्यांत करा, आणि क्रम उलटा करू नका. आधी ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या भट्टीत, 160 अंश सेल्सिअसवर 25 मिनिटं, म्हणजे आतलं चिकन 74 अंशांपर्यंत जाऊन पूर्ण शिजेल. नंतर 90 ते 100 अंशांवर दीड-दोन तास. काही जण पहिल्यापासूनच मंद आचेवर वाळवतात. कच्चं मांस हळूहळू कोरडं होऊ लागलं की त्यातले जंतू उष्णतेला जास्त चिवट होतात आणि जिवंत राहू शकतात, त्यात साल्मोनेलाही आला. म्हणून आधी शिजवायचं, मग वाळवायचं. मांस घातलेला खाऊ उन्हात वाळवायचा विचारही नको.

पीठ पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड लाटू नका. मोठ्या हाडाच्या आकाराचे साचे फोटोत छान दिसतात, पण कडा करपतात आणि मधला भाग मऊ राहतो. सुरीने चौकोनी तुकडे पाडले तर सगळे एकसारखे वाळतात. ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, म्हणून मध्येच ट्रे फिरवा. बऱ्याच ओटीजींचा टायमर 60 मिनिटांनी बंद होतो, आणि आपण दोन तासांनी येऊन बघतो तर भट्टी कधीचीच गार. वाळवताना दार बोटभर उघडं ठेवलं तर वाफ बाहेर पडते, मात्र घरात लहान मूल किंवा नाक खुपसणारा कुत्रा असेल तर जवळ कुणीतरी हवं.

मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच करा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर बिस्किट मधोमध जळतं आणि बाहेरून पांढरंच राहतं. एअर फ्रायर चालतो, तुकडे एका थरात पसरले तर. ट्रेवर बेकिंग पेपर घाला. स्वस्त मेणाचा बटर पेपर तापल्यावर धूर सोडतो, तो नको.

खाऊ वाळला की नाही हे गरम असताना ठरवू नका. गरम बिस्किट मऊच लागतं. पूर्ण गार झाल्यावर ट्रेच्या मधलं, सगळ्यांत जाड बिस्किट घ्या आणि मोडा. कट्‌कन मोडलं तर झालं. वाकलं किंवा आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आणि ओलसर दिसला तर पुन्हा 100 अंशांवर अर्धा तास.

चुरा होतो

ज्वारी, बाजरी, तांदूळ या पिठांत चिकटपणा नसतो, हे भाकरी करणाऱ्याला सांगायला नको. उपायही भाकरीचाच. पीठ उकळत्या पाण्यावर थोडं उकडून घ्या, किंवा चिकन उकडलं असेल तर त्याच्याच कढत पाण्याने भिजवा, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि मग बाकीचं मिसळा. खिमा जाडाभरडा राहिला तरी बिस्किट फुटतं, म्हणून तो मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या.

उलट तक्रारही असते, की बिस्किट दगडासारखं झालं. तरुण कुत्र्याला ते चालतं. म्हाताऱ्या किंवा दात हलणाऱ्या कुत्र्याला दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवून द्या. त्याच्यासाठी मुद्दाम कमी वाळवून ठेवू नका.

डबा

कोमट खाऊ डब्यात भरला की झाकणाला आतून घाम येतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. पूर्ण गार होऊ द्या. मग काचेच्या बरणीत भरून एक रात्र बाहेर ठेवा आणि सकाळी काच बघा. कुठेही धुकं धरलेलं दिसलं तर पुन्हा भट्टीत.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कडक वाळलेलं बिस्किटसुद्धा हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मी तरी बाहेर काही ठेवत नाही. तीन-चार दिवसांपुरतं फ्रीजमध्ये, बाकी लहान पाकिटं करून फ्रीजरमध्ये, तिथे दोन-तीन महिने उत्तम राहतं. पाकिटावर तारीख घाला. बुरशीचा एखादा ठिपका दिसला तर तेवढाच खरवडून बाकीचं देऊ नका, सगळं फेका. काही बुरश्यांच्या विषाने कुत्र्याला थरथर आणि झटके येतात. शेंगदाण्यांवरच्या आणि मक्यावरच्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत खराब होतं आणि कुत्री त्याला फार लवकर बळी पडतात. काळपट, खवट दाणे माणसाने खाऊ नयेत आणि कुत्र्यालाही घालू नयेत.

पौष्टिक आहे म्हणून मोजायचं नाही

वरच्या मापात सगळ्या मिळून 1300 च्या आसपास कॅलरी येतात. तीन ग्रॅमचा एक तुकडा धरला तर तो साधारण 11 कॅलरींचा. घरात राहणाऱ्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ढोबळ 600 कॅलरी लागतात, आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे दिवसाला पाच तुकडे. आजोबांनी दोन, मुलांनी चार, कामावरून आल्यावर आपण तीन, असं झालं की हिशेब लगेच चुकतो. सकाळी पाच तुकडे एका वाटीत काढून ठेवा, ज्याला द्यायचं त्याने त्याच वाटीतून द्यावं. शिकवण्यासाठी वापरत असाल तर त्याचेच चार-चार बारीक तुकडे करा. कुत्र्याला संख्या मोठी वाटते, आकाराचं त्याला फारसं काही नसतं.

खाज सुटली की गव्हाला दोष

कुत्रा अंग खाजवू लागला की लोक गहू बंद करतात आणि चिकन चालूच ठेवतात. कुत्र्यांच्या अन्नाच्या ॲलर्जीवरच्या अभ्यासांचा 2016 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू या क्रमाने नावं आली. चिकन गव्हाच्या वर आहे, आणि आपल्याकडच्या कुत्र्यांच्या पोटात रोज जाणारं मांस बहुधा चिकनच असतं. शंका असेल तर डॉक्टरांशी बोलून काही आठवडे चिकन पूर्ण थांबवावं लागतं, त्यात खाऊही आला. घरचाच आहे, एका तुकड्याने काय होतंय, म्हणून दिला तर सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

कुठलाही नवा खाऊ पहिल्या दिवशी अर्धा तुकडाच द्या आणि त्या दिवशी दुसरं नवीन काही देऊ नका, म्हणजे शी पातळ झाली तर कारण शोधत बसावं लागत नाही. पुढचे दोन दिवस सगळं नेहमीसारखं असेल तर माप वाढवा. किडनीचा आजार, मधुमेह किंवा पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेली असेल तर त्या कुत्र्याला द्यायच्या आधी मापासकट कृती डॉक्टरांना दाखवा, चिकनचं प्रमाण किंवा पीठ ते बदलून देतील.