गेरची गर्दी चित्रात कशी उतरवावी

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरून निघणारी गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, रंगवायची तर फोटोपासून सुरुवात करू नका. फोटोतली गर्दी थिजलेली असते. चित्रात तिची रेशनची रांग होते. इथे डेन्झिल फॉरेस्टरची रीत कामी येते. हा चित्रकार १९५६ साली ग्रेनाडात जन्मला, लहानपणीच लंडनला गेला. तिथल्या रेगे-डब या जमैकन संगीताच्या क्लबांत अंधारातच तो रेखाटायचा: एक गाणं वाजेल तेवढ्यात एक रेखाटन. मोठे कॅनव्हास मग या कागदांवरून.

आपल्याकडे डीजे आहेच. एक गाणं, एक कागद; साधारण तीन-चार मिनिटं. नजर गर्दीवर, कागदाकडे शक्यतो बघायचं नाही. वीसातले पंधरा कागद वाया जातील, जाऊ द्या. रस्त्यालगतच्या घराच्या गॅलरीत जागा मिळाली तर ए३ कार्ट्रिज कागद आणि कोळसा चालतो. खाली उतरणार असाल तर मेणाचे खडूच घ्या, कारण रंगीत पाण्याच्या टँकरच्या फवाऱ्यात कोळसा वाहून जातो.

सगळ्यात जास्त चुकतं ते डोक्यांच्या उंचीत. रस्त्यावर उभे असाल तर जवळच्या आणि लांबच्या मोठ्या माणसांची डोकी जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर, म्हणजे तुमच्या नजरेच्या रेषेवर येतात; लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. गॅलरीतून मात्र मागची डोकी कागदावर वर वर चढत जातात. दोन्ही एकाच चित्रात मिसळलं की रस्ता घसरगुंडीसारखा दिसतो. आणि चेहरे? पुढचे तीन-चार पुरे. मागे डोकी काढण्यापेक्षा डोक्यांमधल्या फटी काढा, गर्दी आपोआप दाटते.

कॅनव्हासवर कोळशाने आखणी केली असेल तर फिक्सेटिव्ह (कोळसा धरून ठेवणारा स्प्रे) मारा. नाहीतर पिवळ्यात कोळसा मिसळून शेवाळी हिरवा होतो, आणि मग दोष पिवळ्या ट्यूबला! अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी यांचं पातळ अ‍ॅक्रिलिक अस्तर द्या. वाळल्यावर त्यावर तैलरंग चालतात. उलट, म्हणजे तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक, केलंत तर पापुद्रे सुटतील.

गुलालाचा ढग शेवटी, खालचा थर पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर मारलात तर गुलाबीचा मातकट जांभळा होतो. कोरड्या हॉग ब्रशला (राठ केसांच्या) रंग लावा, फडक्यावर बराचसा पुसा, आणि ब्रश आडवा धरून हलकेच फिरवा. खालची डोकी अर्धवट दिसत राहिली पाहिजेत.