फेडलेलं कर्ज सिबिल रिपोर्टवर पुन्हा दिसतंय? या चुका टाळा

दुचाकीचं कर्ज मी 2016 मध्ये फेडलं. एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) घेतली, आरटीओत जाऊन आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) बँकेचा बोजाही उतरवला. सहा वर्षांनी गृहकर्जासाठी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढला, तर तेच कर्ज एका अनोळखी वित्तसंस्थेच्या नावाखाली थकीत! रक्कम साडेचार हजार. मनात आलं, भरून टाकू, कटकट तरी मिटेल.

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. पैसे भरले की थकबाकी खरी होती असं आपणच मान्य केल्यासारखं होतं, आणि मग नोंद खोडून घेणं फार अवघड जातं. वसुलीवाले फोनवर ‘टोकन म्हणून पाचशे तरी टाका’ म्हणतात तेव्हा तर जास्तच सावध राहा. मुदत कायद्यात अशा थकबाकीच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारणपणे 3 वर्षं असतात. ती संपण्याआधी थोडी रक्कम भरली किंवा थकबाकी लिहून कबूल केली, तर मुदत नव्याने सुरू होऊ शकते. आधी त्या वित्तसंस्थेकडे लेखी हिशेब मागा: हे खातं तुम्ही कोणाकडून, कधी घेतलं आणि ही बाकी कुठून आली?

‘माझा स्कोअर चुकलाय’ अशी तक्रार

अशा तक्रारीतून हाती काही लागत नाही. सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते आणि तिथून होकार आला तरच दुरुस्ती होते. म्हणून बोट नेमक्या रकान्यावर ठेवा. माझ्या रिपोर्टमध्ये एकच कर्ज दोनदा होतं. मंजूर रक्कम तीच, कर्ज सुरू झाल्याची तारीखही तीच. जुन्या बँकेच्या नोंदीत खातं बंद झाल्याची तारीख होती, नव्या नोंदीत तो रकाना कोरा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून, रिपोर्टचा कंट्रोल नंबर (रिपोर्टवर छापलेला त्याचा क्रमांक), एनओसी आणि कर्जखात्याच्या उताऱ्याचं शेवटचं पान जोडून तक्रार केली. तीच कागदपत्रं त्याच दिवशी जुन्या बँकेलाही पाठवली, कारण चुकीचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. एनओसी हरवली असेल तर बँकेकडे दुसरी प्रत मागा. वाहनकर्ज असेल तर बोजा उतरलेली आरसीही जोडा.

फक्त सिबिल पाहणं

आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो, पण एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या तशाच कंपन्यांकडेही आपली माहिती असते. एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहू शकते. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, तो काढाच.

‘सेटल्ड’ हा शेरा मात्र बहुतेकदा चूक नसते. बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं असेल, तर तो बरोबरच आहे. ‘सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं’ हाही गैरसमज आहे. नियमातली सात वर्षं ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत आहे.

तारखा न जपणं

तक्रार क्रमांक आणि दिवस लिहून ठेवा. तक्रार 30 दिवसांत निकाली निघायला हवी. तसं झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. त्यामुळे ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच सांगू नका.

दुरुस्ती झाल्याचा ईमेल आला तरी एनओसी फाइलमधून काढू नका. महिन्या-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढा, कारण संस्थेने स्वतःच्या नोंदी सुधारल्या नसतील तर पुढची माहिती पाठवताना तीच बाकी परत येते. तसं झालं तर जुना तक्रार क्रमांक घालून लगेच लिहा.