‘टेक’ म्हणजे नुसतं ‘घेणे’ नव्हे : या चुका टाळा

व्हिडिओ कॉलवर मुलाखत चालू होती, परदेशातल्या एका विद्यापीठाच्या प्रवेशासाठी. आमच्या क्लासमधली मुलगी, तयारी पक्की, आवाज खणखणीत. समोरच्या बाईंनी विचारलं, इंग्रजीची परीक्षा झाली का? ही म्हणाली, ‘येस मॅडम, आय गेव्ह द एक्झाम इन मार्च.’ बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे तुम्ही शिकवता का? मुलीला प्रश्नच कळेना. पुढची दोन मिनिटं सारवासारव करण्यात गेली आणि तिथून तिचा जो सूर हरवला, तो शेवटपर्यंत लागला नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला आली तेव्हा पहिलं वाक्य हेच, ‘सर, माझं चुकलं काय?’

तिचं मराठी बरोबर होतं, चूक तिथूनच आली. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमकं उलट आहे. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यासाठी ‘सिट’ हे क्रियापदही चालतं, आपण ‘परीक्षेला बसलो’ म्हणतो तसंच. भारतात ‘आय गेव्ह द एक्झाम’ सगळ्यांना समजतं, कुणी अडवत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं अंगात मुरते. तेव्हा आजपासून ‘आय टुक द एक्झाम’ म्हणा, आणि बायोडेटात कुठे ‘गेव्ह’ लिहिलं असेल तर आत्ताच बदला.

माझ्या पिढीनं इंग्रजी पाचवीपासून शिकलं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं 2000 साली. पण वही तीच राहिली: ‘टेक, टुक, टेकन – घेणे’. ही ओळ पाठ झाली की डोक्यात एक दार बसतं आणि प्रत्येक ‘टेक’ त्याच दारातून आत येतो. हे किती अपुरं आहे ते कळायला आपलंच ‘लागणे’ घ्या. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लागणे म्हणजे स्पर्श होणे’ एवढंच सांगितलं, तर त्यानं काय करायचं? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही, कैरी आंबट लागते, मूल रडायला लागतं आणि अमका माझा मामा लागतो. ‘टेक’ची जात हीच आहे.

त्यातला सर्वांत मोठा अर्थ मराठीत ‘लागणे’नंच येतो: वेळ लागणे. ‘मला यायला दोन तास लागले’ हे वाक्य मुलं ‘फॉर मी टू अवर्स टुक’ असं करतात, किंवा ‘टू अवर्स रिक्वायर्ड टू मी’. दोन्ही चूक. इंग्रजीला इथे पुढे एक रिकामा ‘इट’ बसवावा लागतो: ‘इट टुक मी टू अवर्स टू कम.’ या ‘इट’चा अर्थ शोधू नका, तो फक्त जागा धरून बसलेला असतो. क्लासमध्ये मी प्रत्येकाला घरापासून इथवरचा रस्ता सांगायला लावतो: चालत किती, बसनं किती, पावसात किती. दहा वाक्यं झाली की ‘इट टेक्स मी’ जिभेवर बसतं. ‘लागतो’ हा शब्द ऐकला की ‘इट टेक्स’ आठवलं पाहिजे, ‘घेणे’ नाही.

ब्रिंग की टेक?

हा गोंधळ सगळ्यांत जास्त होतो, आणि गंमत म्हणजे उत्तर आपल्या मराठीतच तयार आहे. ‘घेऊन ये’ म्हटलं तर ‘ब्रिंग’, ‘घेऊन जा’ म्हटलं तर ‘टेक’. बस, एवढंच. मुलं अडकतात फोनवर. ‘मी उद्या तुमच्या ऑफिसला कागद घेऊन येतो’ असं साहेबांना सांगायचं असतं. मुलगा विचार करतो, मी तर इथून तिकडे जाणार, म्हणजे ‘टेक’. पण मराठीत तुम्ही ‘येतो’ म्हणालात ना? मग ‘आय विल ब्रिंग द पेपर्स’. तेच घरी आईला सांगताना ‘मी कागद ऑफिसला घेऊन जातो’, तिथे ‘टेक’. येणे-जाणे यांचा कान आपल्याला लहानपणापासून आहे, त्याच्यावर भरवसा ठेवा. आजीला दवाखान्यात नेलं, इथेही ‘टुक’: ‘वी टुक हर टू द हॉस्पिटल’. ‘कॅरीड’ म्हणालात तर उचलून नेल्याचं चित्र उभं राहतं.

घेतलं, पण ‘टुक’ नाही

‘ही साडी दादरहून घेतली’ याचं ‘आय टुक धिस सारी फ्रॉम अ शॉप’ करू नका. ऐकणाऱ्याला वाटेल, उचलून आणली. विकत घेतलं असेल तर ‘बॉट’. घराच्या बाबतीत तर अर्थच बदलतो. ‘आय टुक अ फ्लॅट’ म्हणजे ब्रिटिश माणसाला फ्लॅट भाड्यानं घेतला असं वाटू शकतं, आणि तुम्ही तर वीस वर्षांचं कर्ज काढलेलं असतं.

‘आय टुक अ‍ॅडमिशन’ हेही असंच. प्रवेश आपण घेतो, पण इंग्रजीत तो मिळतो: ‘आय गॉट अ‍ॅडमिशन’. नाहीतर ‘आय जॉइन्ड’ म्हणा. ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे ‘टेन्शन घेऊ नको’चं शब्दशः रूप. आपल्यात चालतं, बाहेर ‘डोन्ट वरी’ म्हणा. ‘टेक रेस्ट’मध्ये ‘अ’ राहून जातो: ‘टेक अ रेस्ट’ किंवा ‘गेट सम रेस्ट’. पण ‘टेक केअर’ आणि ‘टेक पार्ट’ यांना ‘अ’ लावायचा नाही. याला नियम नाही, कान हवा.

पाहुण्यांना ‘विल यू टेक टी?’ विचारलं तर ते चूक नाही, जरा जुन्या वळणाचं आहे. हल्ली ‘विल यू हॅव सम टी?’ म्हणतात. त्याच चहात साखर मात्र ‘टेक’च: ‘डू यू टेक शुगर?’ औषधालाही ‘टेक’. मराठीत आपण औषध घेतो, त्यामुळे इथे सहसा घसरत नाही. ‘गोळी खाल्ली’ म्हणायची सवय असलेले मात्र ‘आय एट द टॅब्लेट’ म्हणून मोकळे होतात. तिथेही ‘टुक’ हवं.

आणि एक चूक, जी अहवालांत आणि बातम्यांत सारखी दिसते: ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे, होणे. सभा आपली आपण होते, तिला कुणी ‘टेक’ करत नाही. म्हणून ‘द मीटिंग टुक प्लेस ऑन मंडे’. ‘वॉज’ हवाच असेल तर ‘वॉज हेल्ड’ लिहा. कार्यालयात इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्यांनी एवढी एक दुरुस्ती केली तरी पत्राचा दर्जा वाढेल.

‘टेक अ डिसिजन’वर काही शिक्षक लाल रेघ मारतात आणि ‘मेक’ करा म्हणतात. मला हे पटत नाही. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक’ चालतं, अमेरिकेत ‘मेक’ रूढ आहे. जिथे दोन्ही वाटा खुल्या आहेत तिथे मुलांना घाबरवू नये.

हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. उत्तरेकडून जहाजांतून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतलं ‘टाका’, म्हणजे हात घालून पकडणे, ते इंग्लंडात रुजलं आणि तिथलं जुनं ‘निमान’ हळूहळू मागे पडलं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना त्याचं भावंड रोज भेटतं, ‘नेमेन’. इंग्रजीत त्याची खूण उरली ती ‘नम’ या शब्दात: बधिर, म्हणजे ज्याची संवेदना कुणीतरी काढून घेतली आहे असा. मूळ अर्थ पकडण्याचा आहे हे लक्षात ठेवलं की ‘टेक अ बस’ सोपं होतं. आपणही बस पकडतोच.

इथे उलट्या दिशेची चूकही सांगतो, कारण ती मला जास्त खुपते. ‘मी तिथून बस घेतली’ असं आता चांगली शिकलेली मुलं मराठीत बोलतात. मराठीत बस घेतली म्हणजे विकत घेतली! बस पकडली, बसनं गेलो, असं म्हणा. ‘शॉवर घेतला’ नाही, आंघोळ केली. ‘लेफ्ट घ्या’ नाही, डावीकडे वळा. एक भाषा सुधारताना दुसरीचा बळी कशाला?

आता वहीत काय करायचं ते सांगतो. ‘टेक’चं पान फाडा. त्याऐवजी वर मराठी क्रियापदं लिहा आणि प्रत्येकाखाली तुमच्या घरातलं खरं वाक्य. ‘काढणे’खाली फोटो आणि चप्पल: फोटोला ‘टेक’, चपलेला ‘टेक ऑफ’. फोटो काढा म्हणून ‘रिमूव्ह माय फोटो’ म्हणालात तर समोरचा तो फोटो भिंतीवरून उतरवेल. ‘नेणे’खाली आजीचा दवाखाना. ‘देणे’खाली परीक्षा, ठळक अक्षरांत. ‘जाणे’खाली मला सगळ्यांत आवडणारं वाक्य: ‘ती आईवर गेली आहे’, ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’. त्या मुलीच्या वहीत ते पहिल्या ओळीवर आहे. तिनं पुन्हा अर्ज केला आहे, मुलाखत येत्या महिन्यात.