पिकअप आखूड करताना चासी कुठे कापावी?

लांब हौद्याची जुनी पिकअप आखूड करायची तर आधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे हा बदल मनाने करता येत नाही. मग नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीकडे चासीच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) कामात मुरलेला वेल्डर गाठा.

चासी केबिन आणि मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरच्या, म्हणजे पाटा चासीला जिथे अडकतो त्या ब्रॅकेटच्या, मधल्या सरळ भागात कापावी. काप उभा नको, पायरीसारखा हवा. वेल्डिंगचे छोटे टाके मारल्यावर चासीचे दोन्ही कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत) टेपने मोजा; सारखे आले तरच पक्कं वेल्डिंग, आतून पट्टीसकट. टाके मारण्याच्याही आधी बॅटरीच्या वायरी काढा. प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) तेवढाच कमी करून बॅलन्स करा, नाहीतर हायवेला गाडी थरथरते. ब्रेकचा जास्तीचा पाइप गुंडाळून ठेवू नका, मापाचा नवीनच टाका.